निसर्गात गेल्याने मन बरं होतं का? वाकडच्या अकराव्या मजल्यावरून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ पस्तिशीतले, आयटीत, वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट, काम बरंचसं घरूनच. गेलं वर्षभर छातीत धडधड, पहाटे तीन-साडेतीनला जाग आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात तेच ते चालू. सायकियाट्रिस्टनी अँग्झायटीचं निदान करून गोळी सुरू केलीय, चार महिने झाले, बराच फरक आहे. घरचे, ऑफिसातले, फॅमिली डॉक्टर, सगळ्यांचं एकच पालुपद, "जरा निसर्गात जा, मन रमेल". म्हणून लाँग वीकेंडला महाबळेश्वरला जाऊन आले आणि सोमवारी लॅपटॉप उघडल्याबरोबर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता ते विचारतायत की यात खरंच काही तथ्य आहे का, की हे सगळं फॉरवर्ड मेसेजचं ज्ञान? परभणीकडे शेती करणारा चुलतभाऊ बारा महिने निसर्गातच असतो, त्याला यांच्यापेक्षा जास्त टेन्शन, मग ते कसं काय? आणि निसर्गाने फरक पडणारच असेल तर गोळी बंद करता येईल का?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुण्यात प्रॅक्टिस करते, वीसेक वर्षं झाली असतील. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तथ्य आहे. पण लोक सांगतात तेवढं नाही आणि लोक जे कारण सांगतात ते तर अजिबात नाही. "तिकडे ऑक्सिजन जास्त असतो" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, पण इथे लिहून टाकते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, वाकडलाही तेवढाच आणि महाबळेश्वरलाही तेवढाच, उलट तिकडे तुम्ही साडेतेराशे मीटरवर असता त्यामुळे हवा विरळ, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजन पुण्यापेक्षा थोडा कमीच. धूळ-धूर कमी असतो हे खरं आणि त्याने छातीला बरं वाटतं हेही खरं, पण मन हलकं होतं ते ऑक्सिजनने नाही.

मग कशाने? मला पटलेलं आणि पेशंटमध्ये रोज दिसणारं कारण लक्षाशी संबंधित आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या नवरा-बायकोंनी १९८० च्या दशकात हे नीट मांडलं. आपलं लक्ष दोन तऱ्हेने लागतं. एक आपण लावतो ते, कोड वाचताना, क्लायंटच्या कॉलवर, हायवेला लेन बदलताना, त्यात नको त्या शंभर गोष्टी सतत दाबून ठेवाव्या लागतात आणि ते काम दमवणारं असतं. ते दमलं की माणूस चिडचिडा होतो, साध्या ईमेलला तीनदा वाचतो, आणि मुख्य म्हणजे डोक्यात येणारा नको तो विचार बाजूला सारायची ताकद उरत नाही. दुसरं लक्ष आपोआप लागतं, पाण्यावर हलणारं ऊन, वाऱ्याने उलटीपालटी होणारी पिंपळाची पानं, भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग, बघायला काही कष्ट नाहीत आणि बघितलं नाही तरी काही बिघडत नाही. तेवढा वेळ ते पहिलं लक्ष आराम करतं. आता तुम्ही म्हणाल मोबाईलवर पण लक्ष आपोआपच लागतं की. लागतं, पण तो ते पूर्ण ओढून घेतो, मनाला इकडेतिकडे भटकायला जागाच ठेवत नाही, तासभर रील्स बघून कोणी ताजंतवानं होऊन उठलेलं मी तरी बघितलं नाही.

आणि कॅपलन दांपत्याचा एक मुद्दा सगळे विसरतात, की नुसतं हिरवं असून भागत नाही, ती जागा तुमच्या रोजच्या कटकटीपासून लांब असायला हवी आणि तिथे तुम्हाला जे हवंय ते करता यायला हवं. माझ्या भाषेत सांगायचं तर तिथे तुमच्याकडे कोणी काही मागत नसलं पाहिजे. तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

महाबळेश्वरचं बघा. पहाटे निघालात, वाईच्या पुढे पसरणी घाटात गाड्यांची रांग, हॉटेलचं चेक-इन बाराला की दोनला यावर चर्चा, वेण्णा लेकवर बोटिंगसाठी लाइन, पोरांचा घोड्यावर बसायचा हट्ट, दर पॉइंटला फॅमिली फोटो, रात्री कुठे जेवायचं त्याचे रिव्ह्यू वाचणं, आणि रविवारी दुपारपासूनच परतीच्या ट्रॅफिकचं टेन्शन. तुम्ही दोन दिवस निसर्गाच्या बॅकग्राउंडवर प्रोजेक्ट मॅनेजमेंट करत होतात. ट्रिप वाईट नाही हां, पोरांना मजा येते, नवरा-बायकोला घराबाहेर चार शब्द बोलता येतात, जरूर जा. फक्त तिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका.

आणि भाऊ. सोयाबीन काढून शेतात पडलंय आणि ऑक्टोबरात आभाळ भरून आलं, तर ते ढग बघून त्याला शांत वाटेल असं कोण म्हणेल? तुम्ही टेकडीवर जाऊन झाडाचं बोंड कुतूहलाने बघता, तो कपाशीचं बोंड फोडून आत गुलाबी बोंडअळी आहे का बघतो. त्याच्यासाठी शेत हे ऑफिस आहे, बॉस आहे आणि कर्जाचं स्टेटमेंट पण आहे, सगळं एकाच चार-पाच एकरात. निसर्गाच्या जवळ राहिलं की मन ठणठणीत असतं हे खरं असतं तर शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांत महाराष्ट्र वर्षानुवर्षं सगळ्यात वर राहिला नसता. त्यामुळे त्याला चुकूनही "तू काय बाबा, निसर्गात राहतोस, मजा आहे" असं म्हणू नका, जखमेवर मीठ आहे ते. त्याचं टेन्शन पाऊस, भाव, पीकविमा आणि बँकेच्या हप्त्यातून येतं आणि ते कमी व्हायचं तर तिथेच काहीतरी हलावं लागेल. तुम्ही काय करू शकता तर फोन करा, पिकाचं विचारून झालं की त्याचं स्वतःचं विचारा, झोप लागते का, जेवण जातंय का. बोलणं तोडलंय, देणीघेणी आवरतोय, "आता काय राहिलंय" असली भाषा चाललीय असं जाणवलं तर वाट बघू नका. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर तुमच्या फोनमध्ये पण सेव्ह करून ठेवा.

आता संशोधनाकडे येते, कारण तुम्ही इंजिनिअर आहात आणि पुरावा मागणार. सगळ्यात गाजलेला अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ चा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून नुसती विटांची भिंत. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या आणि जुने केसपेपर तपासले, तर झाडंवाले साधारण पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागली. एकूण माणसं किती तर ४६. म्हणजे छोटा अभ्यास, पण त्याने डॉक्टर लोक पहिल्यांदा खिडकीकडे बघायला लागले.

तुमच्या पहाटे तीनच्या गुऱ्हाळाशी संबंधित अभ्यास स्टॅनफर्डचा, ग्रेगरी ब्रॅटमन आणि मंडळींचा, २०१५ चा. निरोगी माणसांना दीड तास चालायला पाठवलं, अर्ध्यांना गवताळ, अधूनमधून झाडं असलेल्या भागात आणि अर्ध्यांना गाड्यांच्या गर्दीच्या मोठ्या रस्त्याकडेने. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली आणि मेंदूचा स्कॅन केला. गवतात चालून आलेल्यांचं स्वतःबद्दल तेच तेच निगेटिव्ह उगाळणं थोडं कमी झालं आणि अशा उगाळण्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही कमी दिसली. रस्त्यावाल्यांमध्ये तसं काही नाही. लक्षात घ्या, चालले दोघंही, म्हणजे व्यायामाचा फायदा दोघांनाही सारखाच, फरक आजूबाजूचा.

आणि माझा आवडता अभ्यास २०१९ चा, मेरीकॅरल हंटर यांचा, कारण तो माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचा आहे. शहरातल्या लोकांना सांगितलं की आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, निदान दहा मिनिटं अशा जागी जा जिथे तुम्हाला निसर्गाजवळ वाटतं, जागा तुम्हीच निवडा, घरामागचं अंगण पण चालेल. अट एवढीच की दिवसाउजेडी जायचं, घाम काढणारा व्यायाम करायचा नाही, फोन, इंटरनेट, वाचन, गप्पा काही नाही. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, म्हणजे स्ट्रेसमध्ये वाढणारं हार्मोन, तर वीस ते तीस मिनिटांत ते सगळ्यात झपाट्याने उतरताना दिसलं, त्यापुढे उतरतं पण सावकाश. अटी बघा ना. जंगल, धबधबा, हिल स्टेशन यातलं काही अटीत नाही, माणसाकडून कोणी काही मागू नये याची मात्र पूर्ण तजवीज आहे.

हे सगळं थोडं सावधपणेच घ्या. बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले, माणसं थोडी, आणि भाग घेणाऱ्याला कळतंच की आपण झाडांत आहोत की रस्त्यावर, औषधासारखी डमी गोळी इथे देता येत नाही. "आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात" हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेलच, तो इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या सर्व्हेतून आलाय, पण त्यातून बाहेर जाणारे लोक जास्त बरे असतात एवढंच कळतं, बाहेर गेल्यामुळे बरे झाले की मुळात बरे म्हणून बाहेर जातात हे कळत नाही. त्यामुळे घड्याळ लावून १२० मिनिटं भरायच्या मागे लागू नका. तुमच्यासारखी माणसं लगेच एक्सेल शीट करतात, मला माहितीये.

बरं, मग करायचं काय. वाकडला बसून.

सोसायटीत झाड आहे का? असणारच, बिल्डर लोकांची ठरलेली झाडं असतात, सोनमोहर, गुलमोहर, रेन ट्री, सप्तपर्णी, फार तर कुठे जुना करंज नाहीतर पिंपळ तोडायचा राहून गेलेला. त्यातलं एक निवडा. टॉवरच्या गेटपासून दोन मिनिटांवरचं, जिथे उभं राहिलं किंवा बसलं तर वॉचमन "काही हवंय का सर" विचारणार नाही. (पहिले काही दिवस विचारेल. सांगा झाड बघतोय. मग तो पण सांगायला लागतो, इथे रात्री घुबड येतं वगैरे, माझ्या एका पेशंटची सगळी पक्ष्यांची माहिती वॉचमनकाकांकडून आलेली आहे.) सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत, लॅपटॉप उघडायच्या आधी, पंधरा-वीस मिनिटं तिथे. फोन घरी. फोन घरी म्हणजे घरी, खिशात सायलेंटवर नाही.

सकाळीच का, तर यात निसर्गाइतकंच उजेडाचं काम आहे. घरात ट्यूबलाइटखाली साधारण २०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशी सुद्धा काही हजार असतो, आपल्या डोळ्यांना घरात ते कळत नाही पण मेंदूतल्या घड्याळाला कळतं. सकाळचा तो उजेड मिळाला की रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते, आणि तुमच्यासारखा दिवसभर पडदा ओढून स्क्रीनसमोर बसणारा माणूस त्या घड्याळाला काही खबरच देत नाही. पहाटेची जाग लगेच जाणार नाही. पण याने नुकसान काही नाही आणि खर्च शून्य.

तिथे जाऊन काय करायचं हा पुढचा प्रश्न असतो, आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात, कारण विशेष काही करायचं नसतं. बघायचं. पहिले दोन-तीन दिवस कंटाळा येईल, ऑफिसचे विचार येतील, येऊ देत, त्यांना हाकलायचं नाही, नजर परत झाडावर. मग हळूहळू दिसायला लागतं. करंज असेल तर मार्च-एप्रिलच्या सुमाराला सगळी पानं झडून आठवड्याभरात अशी तुकतुकीत पोपटी पालवी येते की पॉलिश केल्यासारखी वाटते. सोनमोहराखाली उन्हाळ्यात पिवळा सडा पडतो आणि झाडूवाल्या मावशी वैतागतात. सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते तेव्हा त्याचा वास काहींना सुगंध वाटतो आणि काहींचं त्याने डोकं दुखतं, तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर दुसरं झाड निवडा, उगीच माझं नाव घेऊ नका. उन्हाळ्यात टुक टुक टुक असा एकसुरी आवाज येत असेल तर तो तांबट, चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतो, आवाज दिवसभर येतो आणि पक्षी काही केल्या दिसत नाही. तो शोधण्यात वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही.

नावं माहीत नसली तरी चालतं. नंतर हवी असली तर मोबाईल अ‍ॅप आहेत, सीझनवॉच नावाचा आपल्या भारतातलाच प्रकल्प आहे, एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पानं-फुलं-फळं किती याची नोंद करायची, शाळेतली मुलं पण करतात. पण अँग्झायटीवाल्या माणसाला मी सुरुवातीचे दोन महिने अ‍ॅपला हात लावू देत नाही. तुमचं डोकं त्याचं लगेच टार्गेट बनवतं, आज किती पक्षी, काल किती, नोंद राहिली, स्ट्रीक तुटली, की झालं, परत कोणीतरी काहीतरी मागायला लागलं.

इंग्लंडमध्ये डर्बी युनिव्हर्सिटीचे माइल्स रिचर्डसन बरीच वर्षं याच गोष्टीवर काम करतायत, की किती मिनिटं बाहेर होतात यापेक्षा तिथल्या गोष्टींकडे तुमचं लक्ष गेलं का, त्यांच्याशी काही नातं वाटतं का, याचा संबंध बरं वाटण्याशी जास्त आहे. मला हे एका बाईंच्या बाबतीत इतकं स्वच्छ दिसलं की सांगतेच, तपशील अर्थातच बदललेत. बँकेत नोकरी, आई जाऊन काही महिने झालेले, रडू थांबत नाही, घर-ऑफिस-घर, कुठे बाहेर जायची इच्छा नाही. टेकडीबिकडी सोडाच, खाली सोसायटीत उतरायचं पण नको. गॅलरीत आईने लावलेलं कढीपत्त्याचं झाड होतं कुंडीत, ते अळ्या खातायत म्हणून एक दिवस सेशनमध्ये चिडून बोलत होत्या, फवारा आणणार म्हणाल्या. म्हटलं फवारा आणा, पण आधी आठवडाभर रोज सकाळी त्यांच्याकडे नीट बघा आणि मला सांगा.

पुढच्या वेळी आल्या त्या सांगतच आल्या. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, लहानपणी त्याच्या अळ्या अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळपट त्यावर पांढरे डाग, म्हणजे कोणी खाऊ नये म्हणून ते सोंग. मग कात टाकून एक दिवस एकदम हिरव्यागार. बोट लावलं की डोक्याच्या मागून लालसर दोन शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास येतो. बाईंनी बोट लावून बघितलेलं होतं. फवारा आलाच नाही, उलट झाड बोडकं झालं तेव्हा भाजीवाल्याकडून कढीपत्त्याच्या जुड्या आणून पाण्यात उभ्या केल्या त्यांनी अळ्यांसाठी. एका अळीने कमरेला धाग्याचा पट्टा बांधून कोष केला. आणि त्या मला म्हणाल्या, "मॅडम, सकाळी ती दहा मिनिटं आईची आठवण येत नाही. आणि मग आत येऊन मला त्याचंच इतकं वाईट वाटतं." तिथून आमचं खरं काम सुरू झालं. आई आठवली नाही तर तिच्याशी बेइमानी होते असं मनाने धरलेलं, ते त्या दहा मिनिटांमुळे पहिल्यांदा उघड्यावर आलं. अळीने दुःख बरं केलं असं मी म्हणणार नाही, पुढे बरेच महिने लागले. पण बोलायला तोंड फुटलं.

कुंडीचा विषय निघालाच आहे तर, डिप्रेशनमध्ये असलेल्या माणसाला गुलाब, ऑर्किड, बोन्साय असलं नाजूक काही आणून देऊ नका बरं का. ते मरतं, आणि तो म्हणतो बघा माझ्याकडून एक झाड जगत नाही. गवती चहा द्या, पुदिन्याच्या काड्या द्या, ओव्याच्या पानांचं रोप द्या, यांना मारायचं म्हटलं तरी कष्ट पडतात.

आता टेकडी. पुण्यात आहात, वेताळ टेकडी, बाणेरची टेकडी, तळजाई, पर्वती, पाषाण तलाव, आपण नशीबवान आहोत या बाबतीत. रविवारी सकाळी जरूर जा. पण तुमची छातीत धडधड आहे म्हणून एक गोष्ट आधी सांगून ठेवते, जी कोणी सांगत नाही. चढ चढताना ठोके वाढतात, धाप लागते, घाम येतो, छाती भरून येते, आणि पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यात, पण नेमकं हेच होतं. ज्याला आधी असा पॅनिक अ‍ॅटॅक येऊन गेलाय तो अर्ध्या चढावर घाबरतो, "आला परत", की धडधड अजून वाढते, की खाली पळतो, आणि पुढचे सहा महिने टेकडीचं नाव काढत नाही. त्यामुळे सुरुवात सपाटीवर करा, तलावाकाठी, कॉलेजच्या ग्राउंडवर, चार-दोन आठवड्यांनी हलका चढ, थांबत थांबत, आणि ठोके वाढले की स्वतःला सांगायचं की हे चढामुळे आहे, थांबलो की उतरेल, आणि मग थांबून ते उतरताना खरंच अनुभवायचं. हे थेरपीत आम्ही मुद्दाम करून घेतो. ईसीजी वगैरे तपासण्या एकदा झालेल्या असाव्यात हे गृहीत धरतेय, नसतील तर आधी त्या.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहायला हवं, कारण "पहाटे एकटं टेकडीवर जाऊन शांत बसा" हा सल्ला पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेला असतो. बाई एकटी बसली की तिचं निम्मं लक्ष मागून कोण येतंय याच्यावर, मग कसला आराम. दोघीतिघींनी जा, गजबजलेल्या बागेत जा, किंवा सरळ गॅलरी-गच्चीवर करा, सुरक्षित वाटणं ही पहिली गरज आहे आणि ती नसेल तर हिरवळीचा काही उपयोग नाही. हवा फार खराब असेल त्या दिवशी, किंवा एप्रिल-मे मध्ये दहानंतर, दम्याच्या लोकांनी तर अजिबातच, हट्टाने बाहेर पडू नका.

आणि ज्या दिवशी जावंसंच वाटत नाही त्या दिवशी? त्या दिवशीच जा. आपल्याला वाटतं आधी मूड येईल मग उठू, डिप्रेशन आणि अँग्झायटीत ते उलटं चालतं, आधी पाय हलतात आणि मूड मागून रखडत येतो, कधी येत पण नाही. मिशिगनमध्येच मार्क बर्मन यांनी २००८ मध्ये एक अभ्यास केला, लोकांना झाडांच्या बागेत आणि शहराच्या मधल्या रस्त्यांवर फिरवलं आणि आकडे उलटे म्हणायची परीक्षा घेतली. बागेत फिरून आलेल्यांचं लक्ष सुधारलं, आणि गंमत म्हणजे हवा छान होती की खराब, फिरून मूड किती सुधारला, याच्याशी त्या सुधारणेचा फारसा संबंध नव्हता. म्हणजे मजा आली नाही तरी फेरी वाया गेली असं समजू नका. पेशंट येऊन सांगतात, "गेलो होतो मॅडम, काही वाटलं नाही", मी म्हणते ठीके, उद्या परत जा.

शेवटी गोळीचं. सरळ सांगते, निसर्गाच्या भरवशावर गोळी बंद करायची नाही. वर सांगितलेले परिणाम खरे आहेत पण माफक आहेत, आणि बहुतेक निरोगी माणसांवर मोजलेत. मध्यम किंवा तीव्र डिप्रेशन, बायपोलर, भास होणं, जीव द्यावासा वाटणं, यात झाडाखाली बसणं हा उपचार नाही, फार तर उपचाराच्या जोडीला. तुम्हाला जो फरक पडलाय त्यात चार महिन्यांच्या गोळीचा मोठा वाटा असणार आणि नेमकं बरं वाटायला लागलं की लोकांना गोळी सोडायची घाई होते. अँग्झायटीवर देतात त्यातल्या बऱ्याच गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, असलं काय काय होतं, आणि माणसाला वाटतं आजारच उलटला. शिवाय आजार खरंच उलटू शकतो. साधारणपणे बरं वाटायला लागल्यावर पुढेही काही महिने गोळी चालू ठेवतात आणि मग सायकियाट्रिस्ट हळूहळू डोस उतरवतात, किती आणि कधी ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही आणि टेकडीवर भेटणाऱ्या काकांनी तर नाहीच.

तुम्ही एवढं करा. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत एका साध्या वहीत रोज दोनच गोष्टी लिहा, रात्री जाग किती वाजता आली आणि सकाळी खाली गेलो होतो की नाही. बस, मूडला दहापैकी मार्क वगैरे काही नको. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि गोळी किती दिवस चालू ठेवायची आहे हे तेव्हा स्पष्ट विचारा, विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्कच आहे. आणि टॉक थेरपी, म्हणजे बोलण्यातून होणारा उपचार, सुरू केली नसेल तर तेही तिथेच विचारा, कारण पहाटे तीनला जे विचार येतात ते नेमके कशाबद्दल आहेत हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही.